समोशाशेजारची पाटी

जुलै २०२५ मध्ये नागपूर देशभरच्या बातम्यांत झळकलं, ते समोसा आणि जिलेबीमुळे. मिहानमधल्या एम्सच्या उपाहारगृहात पाट्या लागणार आणि कोणत्या पदार्थात किती तेल, किती साखर दडलेली आहे ते त्यांवर लिहिलेलं असणार, एवढीच मूळ गोष्ट होती. दिल्लीच्या वाहिन्यांपर्यंत पोचेतो तिची 'समोशावर सिगारेटसारखा इशारा' अशी बातमी झाली. मग कोणी हसलं, कोणी चिडलं, कोणी आमच्या जिलेबीला हात लावू नका म्हणालं.

मूळ कागद मात्र साधा होता. केंद्रीय आरोग्य सचिव पुण्य सलिला श्रीवास्तव यांनी २१ जून २०२५ रोजी सरकारी मंत्रालयं, विभाग आणि संस्थांना पत्र पाठवलं. उपाहारगृहांत, लॉबीत, बैठकीच्या खोल्यांत तेल आणि साखरेची माहिती देणारे फलक लावा. कार्यालयाच्या लेटरहेडवर, पाकिटांवर, नोंदवह्यांवर लठ्ठपणाविषयीचे संदेश छापा. फळं सहज मिळू द्या. लिफ्टऐवजी जिना वापरायला लोकांना उत्तेजन द्या, असा त्याचा आशय. गदारोळ वाढल्यावर १५ जुलैला सरकारने खुलासा केला. विक्रेत्यांच्या पदार्थांवर इशारे लावण्याचा हा आदेश नाही, रस्त्यावरच्या भारतीय पदार्थांवर रोख नाही, लोकांना लपलेल्या चरबीची आणि साखरेची आठवण करून देणारा हा 'नज' आहे, असं त्यात म्हटलं होतं.

नज म्हणजे शेजारच्याने कोपराने दिलेली हलकी टोच. तिच्यात हुकूम नसतो, दंड नसतो, बंदीही नसते. समोसा तिथेच असतो, तो घ्यायची मुभाही तशीच असते. आणि तरीही शेजारी एक पाटी लावली, काचेचं कपाट दोन हात पलीकडे सरकवलं, साखर कपाऐवजी बशीत दिली, तर शेकडो माणसांचे हात वेगळ्या दिशेने जातात, असा एका संपूर्ण विद्याशाखेचा दावा आहे. हे खरं असेल तर फार विलक्षण आहे. आपलं मन, आपली आवड, आपला निश्चय असं ज्याला आपण म्हणतो, त्यातला काही भाग आपल्या डोक्यात नसून समोरच्या टेबलावर मांडलेला असतो, असा त्याचा अर्थ होतो.

दोन वेळांचा एकच माणूस

अर्थशास्त्राच्या जुन्या पाठ्यपुस्तकांत एक माणूस भेटतो. आपल्याला काय हवं हे त्याला नेमकं ठाऊक असतं. प्रत्येक निवडीचा नफा-तोटा तो मांडतो आणि आज ठरवलेलं उद्या पाळतो. डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात खरी माणसं कशी ठरवतात ते प्रयोग करून पाहायला सुरुवात केली, आणि पुस्तकातला माणूस त्यांना कुठेच सापडला नाही. खरी माणसं घाईत ठरवतात, डोळ्यांसमोर जे आहे त्यावरून ठरवतात, मिळणाऱ्या शंभर रुपयांच्या आनंदापेक्षा हरवलेल्या शंभर रुपयांचं दुःख मोठं मानतात. विशेष म्हणजे या चुका वाटेल तशा होत नाहीत. त्या ठरावीक दिशेने होतात, म्हणून त्यांचा अंदाज बांधता येतो. कानेमान यांना २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच वाटेवर पुढे गेलेल्या रिचर्ड थेलर यांनी कायद्याचे अभ्यासक कॅस सनस्टीन यांच्यासोबत २००८ मध्ये 'नज' हे पुस्तक लिहिलं आणि थेलर यांना २०१७ मध्ये नोबेल मिळालं.

खाण्यापिण्याच्या बाबतीत या शास्त्राने पकडलेली सगळ्यात मोठी गोम म्हणजे आपला आजचा आणि उद्याचा हिशेब वेगवेगळा असतो. डॅनियल रीड आणि बार्बरा व्हान लेउवेन यांनी अॅमस्टरडॅममधल्या कार्यालयांत केलेला एक प्रयोग १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. कर्मचाऱ्यांना विचारलं, पुढच्या आठवड्यात आम्ही खाऊ घेऊन येऊ, तुम्हाला फळ हवं की चॉकलेटसारखं काही? आठवड्याने खाऊची टोपली खरोखर समोर आली तेव्हा पुन्हा विचारलं. आधी फळ सांगितलेले कितीतरी जण चॉकलेटकडे वळले. त्यात आणखी एक बारीक गोष्ट दिसली. पहिला प्रश्न भुकेच्या वेळी विचारला, तर लोक पुढच्या आठवड्यासाठीही पोटाला जड तेच निवडत होते. आत्ताची भूक आठ दिवसांनंतरच्या पोटालाही लागते, असं मन धरून चालतं.

'सोमवारपासून गोड बंद' हे वाक्य घराघरांत ऐकू येतं, त्यामागे हीच यंत्रणा आहे. सोमवार लांब असतो तोवर निश्चय खरा असतो. त्यात ढोंग नसतं. सोमवार 'आज' होतो तेव्हा मात्र ठरवणाऱ्याच्या जागी दुसराच कोणी येऊन बसतो, ज्याच्यासाठी समोरच्या संत्रा बर्फीचं वजन दहा वर्षांनंतरच्या मधुमेहाहून कितीतरी जास्त असतं. पिढ्यान् पिढ्या याला आळस किंवा मनाचा दुबळेपणा म्हटलं गेलं. प्रयोगांनी दाखवलं की ही मनुष्यस्वभावाची घडणच आहे आणि ती डॉक्टर, शिक्षक, खेळाडू, सगळ्यांत आहे.

ग्रॅम कोणाला कळतात?

आता पाटीकडे वळू. पाटीवर काय लिहायचं, हा वाटतो तितका सोपा प्रश्न नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये नवी आहार मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. देशातल्या एकूण आजारांच्या भारापैकी ५६.४ टक्के भार चुकीच्या आहाराशी जोडलेला आहे, असा अंदाज त्यांत आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. पण २५ ग्रॅम म्हणजे किती, हे सांगता येईल असे लोक विरळा. तेच सहा चमचे म्हटलं की चित्र उभं राहतं. ३०० मिलिलिटर कोल्याच्या बाटलीत सुमारे ३२ ग्रॅम साखर असते, म्हणजे आठ चमचे. दोन-दोन चमचे साखरेचे चार कप चहा घेणाऱ्याचे तेवढेच आठ चमचे होतात, आणि त्याने अजून गोड असं काही खाल्लेलंच नसतं.

सीबीएसईने मे २०२५ मध्ये आपल्या शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितलं, तेव्हा मुलांच्या आहाराचे आकडे पुढे ठेवले होते. चार ते दहा वर्षांच्या मुलांच्या रोजच्या उष्मांकांपैकी १३ टक्के आणि अकरा ते अठरा वर्षांच्या मुलांच्या बाबतीत १५ टक्के साखरेतून येतात. मर्यादा आहे पाच टक्क्यांची.

माहितीचं रूप बदललं की तिचा परिणाम बदलतो, याचा एक सुंदर पुरावा अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात मिळाला. तिथल्या वस्तीतल्या सहा छोट्या दुकानांत गोड पेयांच्या फ्रिजवर साध्या पाट्या लावल्या. एका पाटीवर कॅलरी लिहिल्या, दुसरीवर साखरेचे चमचे, तिसरीवर ती साखर जिरवायला किती मिनिटं पळावं लागेल ते, आणि चौथीवर किती मैल चालावं लागेल ते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात किशोरवयीन मुलांच्या खरेदीतलं गोड पेयांचं प्रमाण ९८ टक्क्यांवरून ८९ टक्क्यांवर आलं. सर्वांत जास्त लागू पडली ती 'पाच मैल चाला' ही पाटी. पाच मैल म्हणजे आठ किलोमीटर. नागपुरात ही पाटी लावायची तर 'सीताबर्डीपासून पायी विमानतळापर्यंत' असं लिहिता येईल, आणि उन्हाळ्याच्या दिवसांत तर ती वाचतानाच घशाला कोरड पडेल.

मात्र इथेच थांबून टाळ्या वाजवल्या तर आपण स्वतःची फसवणूक करू. हॉटेलं आणि दुकानांतल्या कॅलरीच्या पाट्यांवर जगभर झालेल्या प्रयोगांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या संस्थेने जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. सरासरी परिणाम १.८ टक्के निघाला. सहाशे कॅलरींच्या जेवणात अकरा कॅलरींची घट, म्हणजे दोन बदाम.

दोन बदाम! आपल्याला वाटतं की लोकांना कळलं की लोक बदलतात. शाळेतले फलक, दवाखान्यातली पत्रकं, व्याख्यानं, सगळं याच श्रद्धेवर उभं असतं. पण वाचलेलं डोक्यात राहतं आणि हात आपल्या सवयीने चालतो. रोमेन कॅडारिओ आणि पिएर शांदों यांनी खाण्याविषयीच्या नजचे असंख्य प्रयोग एकत्र तपासून २०२० मध्ये त्यांची क्रमवारी लावली. डोक्याशी बोलणारे, म्हणजे माहिती देणारे उपाय सगळ्यात फिके ठरले. भावनेला हात घालणारे त्यांच्या दुप्पट प्रभावी, आणि थेट हाताशी बोलणारे तिपटीहून जास्त. हाताशी बोलणं म्हणजे वस्तूची जागा बदलणं, वाटीचा आकार बदलणं, चांगलं ते सोपं करणं आणि वाईट ते थोडं अडचणीचं.

पाणी कुठे ठेवलं आहे?

एम्स नागपूरने ज्याच्याकडे बघावं असा प्रयोग एका रुग्णालयाच्या उपाहारगृहातच झाला आहे. बॉस्टनचं मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल हे अमेरिकेतलं नावाजलेलं रुग्णालय. तिथे २०१० मध्ये डॉ. अॅन थॉर्नडाइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन टप्प्यांत बदल केले. पहिल्या टप्प्यात प्रत्येक पदार्थावर सिग्नलचे रंग लावले. हिरवा म्हणजे खुशाल घ्या, पिवळा म्हणजे बेताने, लाल म्हणजे विचार करा. लाल पेयांची विक्री १६.५ टक्क्यांनी घटली.

दुसऱ्या टप्प्यात त्यांनी एक अक्षरही वाढवलं नाही. फक्त वस्तू हलवल्या. फ्रिजमध्ये डोळ्यांच्या उंचीवर पाणी आणि साखर नसलेली पेयं आली, कोला खालच्या फळीवर गेला. जेवणाच्या काउंटरांजवळ टोपल्यांतून पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. किंमत तीच, चव तीच, माणसंही तीच. लाल पेयांची विक्री आणखी ११.४ टक्क्यांनी उतरली आणि पाण्याच्या बाटल्यांची २५.८ टक्क्यांनी वाढली.

हे वाचताना थरारून जायला होतं. तिथे येणाऱ्यांत डॉक्टर होते, परिचारिका होत्या. कोल्यात साखर असते हे सांगण्याची त्यांना गरज नव्हती. रोज तेच ते इतरांना सांगत होते. त्यांना कमी पडत होती ती हात जाईल तिथे ठेवलेली पाण्याची बाटली. उपाहारगृहात कोणतीच मांडणी तटस्थ नसते. कोणती तरी वस्तू डोळ्यांसमोर येणारच आणि कोणती तरी खाली जाणारच. कोणी विचार करून ठेवली नाही तरी ती कुठे ना कुठे ठेवलेली असतेच, आणि तिथूनच ती आपलं काम करत राहते.

पंगतीतली जिलेबी

हाताशी बोलणाऱ्या उपायांत सगळ्यात बलवान उपाय म्हणजे काहीच न बोलल्यास काय होईल, ते आधीच ठरवून ठेवणं. एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टीन यांनी २००३ मध्ये युरोपातल्या देशांत अवयवदानाला किती जणांची संमती आहे याची तुलना केली. जर्मनीत १२ टक्के लोक संमती देणारे होते, शेजारच्या ऑस्ट्रियात ९९.९८ टक्के. जर्मनीत दाता व्हायचं तर तसं नोंदवावं लागे. ऑस्ट्रियात दाता व्हायचं नसेल तर तसं नोंदवावं लागे. दोन्हीकडे स्वातंत्र्य सारखंच होतं, आणि दोन्हीकडे बहुतेकांनी काहीच केलं नाही.

हे वाचल्यावर मला आपली पंगत नव्या डोळ्यांनी दिसू लागली. लग्नाच्या पंगतीत जिलेबी मागावी लागत नाही, ती 'नको' म्हणावी लागते. वाढपी समोर आला की गप्प राहणाऱ्याच्या पानात जिलेबी पडते, आणि 'नको' म्हणणाऱ्याला आग्रहाचे तीन वार झेलावे लागतात. चहाचंही तसंच. साखर दुधाबरोबर पातेल्यातच उकळलेली असते. बिनसाखरेचा हवा असेल तर वेगळा सांगावा लागतो, वेगळी वाट बघावी लागते आणि 'शुगर आहे का?' या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं. कस्तुरचंद पार्कच्या आसपास सकाळी पोहे खायला उभं राहिलं की काळ्या चण्याची तर्री पोह्यांवर आपसूक पडते. तिचा लाल तवंग ही नागपूरची शान आहे. ती बुडवा असं कोणी म्हणत नाही. पण तीच तर्री वाटीत वेगळी दिली, तर ज्याला हवी तो सगळी ओतेल, आणि ज्याच्या लक्षातही आलं नसतं तो दोन चमच्यांवर थांबेल. पोह्यांचा गाडा तोच, भाव तोच, झणका तोच. फक्त गप्प राहणाऱ्याच्या वाट्याला येणारं तेल कमी.

आपल्या जुन्या जेवणात ही जाण होती, हे बघून नवल वाटतं. मराठी ताटात प्रत्येक पदार्थाची जागा ठरलेली आहे. मीठ आणि लिंबाची फोड वर, डावीकडे चटणी, लोणचं, कोशिंबीर, उजवीकडे भाजी आणि वाटीत आमटी. मीठ असतं चिमूटभर, लोणचं एक फोड. ज्या गोष्टी थोड्याच खायच्या, त्यांना ताटातच थोडी जागा दिली आहे. प्रत्येक घासाला निश्चय करावा लागत नाही, कारण निश्चय वाढणाऱ्याने आधीच केलेला असतो.

उद्याच्या आपल्याला बांधून घेणं

मांडणी दुसऱ्यांनीच करायची असं मात्र नाही. शांत डोक्याने बसलेला आजचा माणूस उद्याच्या उतावीळ माणसासाठी सापळे आधीच काढून ठेवू शकतो.

फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये स्वयंपाकातलं तेल दहा टक्क्यांनी कमी करायला सांगितलं. त्यांनी सुचवलेली युक्ती या शास्त्राच्या दृष्टीने फार मार्मिक आहे. तेल विकत आणतानाच दहा टक्के कमी आणा, असं ते म्हणाले. कढईपाशी उभं राहून हात आखडता घेणं रोजचं, दोन वेळचं युद्ध आहे. किराण्याची यादी करताना मात्र निर्णय महिन्यातून एकदाच घ्यायचा असतो, आणि तो अशा क्षणी की भजी समोर नसतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या ताटात माणशी रोजचं तेल २७ ग्रॅम धरलेलं आहे. चौघांच्या घराला महिन्याचं साधारण साडेतीन लिटर होतं. तेवढंच मोजून एका डब्यात भरलं आणि दुसरा डबा आणलाच नाही, तर तो डबा रोज आपलं काम करतो; मनाला ते करावं लागत नाही. पंतप्रधानांनी याच भाषणानंतर दहा जणांची नावं घेऊन प्रत्येकाला आणखी दहा जणांना आव्हान द्यायला सांगितलं. चारचौघांत दिलेला शब्द मोडणं अवघड जातं, हाही याच शास्त्राचा धडा.

याहून टोकाचा प्रयोग फिलिपीन्समध्ये झाला. तिथल्या एका बँकेने सिगारेट सोडू इच्छिणाऱ्यांसाठी खातं उघडलं. सहा महिने स्वतःचे पैसे भरत राहायचं, शेवटी लघवीची तपासणी करायची. निकोटिन सापडलं नाही तर पैसे परत, सापडलं तर ते धर्मादाय कामाला. बँकेने ज्यांना विचारलं त्यांपैकी फक्त ११ टक्क्यांनी खातं उघडलं. तरीही विचारलेल्यांच्या पूर्ण गटात सिगारेट सुटण्याचं प्रमाण न विचारलेल्यांपेक्षा तीन टक्क्यांच्या आसपास जास्त भरलं, आणि वर्षाने अचानक केलेल्या तपासणीतही ते टिकून होतं. गमावण्याचं दुःख कमावण्याच्या आनंदापेक्षा मोठं असतं, या शोधाचा यात थेट उपयोग केलेला आहे.

आपल्या देशातला सगळ्यात हृद्य पुरावा राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यातला. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी 'सेवा मंदिर' या संस्थेबरोबर १३४ गावांत लसीकरणाचा प्रयोग केला. नेहमीच्या व्यवस्थेत फक्त सहा टक्के बालकांच्या सगळ्या लसी पूर्ण होत होत्या. गावातच दर महिन्याला नेमाने शिबिर भरवलं तेव्हा १८ टक्क्यांच्या झाल्या. त्याच शिबिरात प्रत्येक लशीला एक किलो डाळ आणि सगळ्या लसी पूर्ण झाल्यावर स्टीलच्या थाळ्या दिल्या, तेव्हा ३९ टक्क्यांच्या. किलोभर डाळ कोणाचंही मत बदलण्याइतकी मोठी नव्हती. आईबापांना लस नको होती असंही नाही. आज कामाला खाडा पडतो आणि फायदा पुढे कधीतरी, अदृश्य. डाळीने त्या अदृश्य फायद्याला आजचं वजन दिलं. आणि हिशेब बघा: शिबिरात लोक जास्त आल्यामुळे पूर्ण लसीकरण झालेल्या प्रत्येक बालकामागचा खर्च डाळ देऊनही निम्म्यावर आला.

कोइम्बतूरमध्ये मधुमेहाच्या रुग्णांना रोज दहा हजार पावलं चालल्याबद्दल मोबाइलचं छोटं रिचार्ज देऊन पाहिलं, तेव्हा त्यांचं चालणं सुमारे वीस टक्क्यांनी वाढलं, म्हणजे दिवसाला तेरा मिनिटांच्या भरभर चालण्याइतकं. फुटाळा किंवा अंबाझरी तलावाच्या काठाने पहाटे चालणाऱ्यांना कोणी रिचार्ज देत नाही; पण वाट बघणारा जोडीदार असला की तोही तेच काम करतो, कारण न जाण्याची किंमत आजच मोजावी लागते.

पाटी जिथे लागत नाही

नागपुरात या विषयावर लिहायचं आणि खर्र्याविषयी लिहायचं नाही, हे शक्य नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून पानठेल्यावर घोटून दिलेला खर्रा हा विदर्भाच्या तोंडाचा सगळ्यात मोठा वैरी आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या २४.४ टक्के प्रौढांना धूरविरहित तंबाखूची सवय होती, म्हणजे जवळजवळ चारांतल्या एकाला.

एप्रिल २०१६ पासून तंबाखूच्या प्रत्येक पाकिटाचा दोन्ही बाजूंचा ८५ टक्के भाग चित्रमय इशाऱ्याने व्यापलेला असतो. त्याच सर्वेक्षणात सिगारेट ओढणाऱ्यांपैकी सुमारे ६२ टक्क्यांनी आणि धूरविरहित तंबाखू खाणाऱ्यांपैकी ४६ टक्क्यांनी, ते चित्र पाहून सोडावं असं वाटलं, असं सांगितलं. पण खर्र्याला पाकीटच नाही. तो गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर तयार होतो, पारदर्शक पन्नीत बांधला जातो आणि खिशात जातो. जगातला उत्तम इशारा छापायलाही त्यावर जागा नाही.

म्हणून मांडणीचा विचार इथे गाव आणि घराच्या पातळीवर करावा लागतो. विदर्भातल्याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने राज्य सरकार आणि टाटा ट्रस्टच्या साथीने २०१६ मध्ये 'मुक्तिपथ' हे दारू आणि तंबाखूविरोधी अभियान सुरू केलं. त्यात गावाने एकत्र बसून ठरवायचं, विक्री बंद करायची आणि सोडू पाहणाऱ्याला उपचार मिळवून द्यायचे. खर्रा हाताशी नसणं, आजूबाजूचे चारजण खात नसणं आणि गावासमोर शब्द दिलेला असणं, या तिन्ही गोष्टी मिळून जे करतात ते कुठलीच पाटी करू शकत नाही.

टोच पुरते कुठे आणि कुठे नाही

या शास्त्राच्या मर्यादाही त्याच्याच अभ्यासकांनी शोधल्या आहेत. स्टेफानो डेलाविग्ना आणि एलिझाबेथ लिनोस यांनी २०२२ मध्ये दाखवलं की विद्यापीठांच्या शोधनिबंधांत नजचा सरासरी परिणाम ८.७ टक्क्यांच्या फरकाएवढा दिसतो. सरकारी पथकांनी प्रत्यक्ष मोठ्या संख्येवर केलेल्या प्रयोगांत तो १.४ भरतो. जे प्रयोग फसतात ते छापून येत नाहीत, हे त्याचं एक मोठं कारण. ताटाच्या आकाराविषयी आणि सतत भरत राहणाऱ्या सूपच्या वाडग्याविषयी गाजलेलं संशोधन करणारे ब्रायन वानसिंक यांना तर २०१८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाने संशोधनातल्या गैरवर्तनाबद्दल दोषी ठरवलं आणि त्यांचे अनेक निबंध मागे घेतले गेले.

शिवाय काही ठिकाणी टोच देत बसणं हाच अपराध ठरतो. कारखान्यात तयार होणारे ट्रान्स फॅट हृदयाला घातक आहेत हे निर्विवाद ठरल्यावर भारताने पाटी लावली नाही. खाद्यतेल आणि वनस्पती तुपातलं त्यांचं प्रमाण जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांवर आणून ठेवलं. चिलीने २०१६ मध्ये काळ्या अष्टकोनी इशाऱ्यांबरोबरच मुलांसाठीच्या जाहिरातींवर आणि शाळांतल्या विक्रीवर बंधनं घातली, तेव्हा जास्त साखरेच्या पेयांची खरेदी सुमारे २४ टक्क्यांनी घटली. कायदा आणि मांडणी हातात हात घालून चालली, तेव्हा हे घडलं.

तरीही मला या शास्त्राविषयी अपार कृतज्ञता वाटते, आणि ती आकड्यांपलीकडची आहे. मधुमेहाच्या रुग्णाला, वजन वाढलेल्या मुलीला, खर्रा सुटत नसलेल्या मजुराला आपण पिढ्यान् पिढ्या एकच औषध दिलं: मन घट्ट कर. ते जमलं नाही की तो स्वतःच्या नजरेत उतरत गेला. या पन्नास वर्षांच्या प्रयोगांनी त्याच्या खांद्यावरचं ओझं थोडं हलकं केलं आणि ते सगळ्यांत वाटून दिलं. चुकीची निवड त्याच्या एकट्याच्या दुबळेपणातून आली नव्हती. साखर पातेल्यातच घालणारा चहावाला, कोला डोळ्यांसमोर ठेवणारा दुकानदार, 'एक तरी घ्याच' म्हणणारी मावशी, शाळेच्या फाटकाशी वेफर्सची माळ लटकू देणारे आपण सगळे तिच्यात वाटेकरी होतो.

म्हणजे उपायातही सगळेच वाटेकरी होऊ शकतात. एम्सने पाटी जरूर लावावी. ती दोन बदामांएवढी मदत करेल, आणि रोज हजारो माणसं येतात तिथे दोन-दोन बदामही कमी नसतात. पण पाटीबरोबर चहाची साखर बशीत द्यावी, पाणी आणि ताक डोळ्यांच्या उंचीवर आणावं, संत्र्यांची टोपली पैसे देण्याच्या खिडकीशी ठेवावी, समोसा मागितल्यावर मिळेल असा आत ठेवावा, आणि महिन्याभराने विक्रीचे आकडे जाहीर करावेत, म्हणजे काय लागू पडलं ते शहराला कळेल. मेस चालवणाऱ्या काकूंना, शाळेच्या मुख्याध्यापकांना, कार्यालयात नाश्ता मागवणाऱ्या शिपाईभाऊंना आणि घरात ताट वाढणाऱ्या प्रत्येकाला हेच करता येतं, कोणाची परवानगी न मागता. दुसऱ्याच्या तब्येतीवर एवढी सत्ता आपल्या हातात आहे हे एकदा कळलं, की वाढताना हात थोडा विचार करून पुढे होतो. आणि त्या विचाराचा फायदा ज्याला व्हायचा, त्याला निश्चय करण्याचे कष्टही पडत नाहीत.